जी-रेशो मोजायला बसताना

आधी एवढं पक्कं कर: जी-रेशो म्हणजे अ‍ॅक्सॉनचा (चेतातंतूच्या आतल्या गाभ्याचा) व्यास भागिले मायलिनसकट, म्हणजे त्याभोवतीच्या आवरणासकट, तंतूचा व्यास. आकडा लहान, तर आवरण जाड. नवखे हमखास उलटं वाचतात! निरोगी तंतूंत तो साधारण ०.६ ते ०.८.

तंतू क्वचितच गोल असतात, म्हणून एकच रेघ ओढून व्यास घेऊ नकोस. इमेजजेमध्ये (सूक्ष्मदर्शकाची चित्रं मोजायचं सॉफ्टवेअर) आवरणाची आतली-बाहेरची कड गिरव, क्षेत्रफळांचा भागाकार कर आणि वर्गमूळ काढ. हे वर्गमूळच बहुतेकांचं राहतं.

- तिरके कापलेले तंतू सोड.
- देखणे तंतू वेचू नकोस. चौकट आधी ठरव, तीत येतील ते मोज.

बडोद्याच्या मे महिन्यात दुपारी डोळे शिणतात, मोजणी सकाळीच उरक. ऑटोमॅटिक सॉफ्टवेअरचं नंतर बघू.