ताडी, माडी, नीरा

प्रश्न असा: ताडी, माडी आणि नीरा ही एकाच पेयाची तीन नावं का? आणि ताडगोळे त्याच झाडाचे का?

‘नारळाची ताडी’ ऐकून कान किटले. ताडाची ती ताडी, माडाची ती माडी. ‘पोरगा ताडमाड वाढलाय’ म्हणताना आपण दोन झाडं बरोबर वेगळी ठेवतो, मग प्यायला बसल्यावरच घोळ का? नीरा कुठल्याही झाडाची, फक्त न आंबलेली. मडक्याला आतून चुना फासून संध्याकाळी पोयीला, म्हणजे फुलोऱ्याच्या कोंबाला, बांधायचं, पहाटे उतरवायचं. चुना कमी पडला किंवा ऊन चढलं की फेस धरतो; मग ती नीरा नव्हे.

खरी गंमत पुढे आहे. इंग्रजीतली ‘टॉडी’ म्हणजे ही ताडीच. १६१०च्या सुमारास विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी सुरतेकडच्या रानखजुरांच्या, म्हणजे शिंदीच्या, रसाला ‘तारी किंवा सुर’ म्हणतो. हिंदी-गुजरातीतला ‘ड’ गोऱ्या कानाला ‘र’ ऐकू आला, दुसरं काही नाही. ‘सुर’ म्हणजे संस्कृत सुरा. गोव्यात माडाच्या रसाला आजही सूर म्हणतात. आणि हो, शिंदीच्या रसाला ताडी म्हणायची खोड चारशे वर्षांची निघाली. तेवढ्याने ती बरोबर ठरत नाही. स्कॉटलंडातल्या एडिंबरोच्या टॉड विहिरीवरून ‘टॉडी’ हा शब्द आला असं सांगणाऱ्यांनी ती विहीर खुशाल उपसत बसावं.

‘ताल’चा अपभ्रंश ‘ताड’, हे कोशांतलं ठरीव उत्तरही मला पटत नाही. तेलुगूत या झाडाला ‘ताटि’ म्हणतात. माझ्या मते शब्द मुळात दक्षिणेचा, संस्कृतने तो ‘ताल’ करून घेतला आणि आपल्याकडे ‘ड’ थेट शेजारून आला. संस्कृताबाहेर व्युत्पत्ती शोधायचीच नाही, असं व्रत घेतलेल्यांना हे रुचणार नाही.

ताडगोळे राहिलेच. ते ताडाचेच, पण मादी झाडाचे. नराला फळ धरत नाही. रस मात्र दोघांचाही काढतात, आणि ज्या पोयीचा काढला तिच्यावर गोळे येत नाहीत. एका फळात बहुधा तीन गोळे. अंगठ्याने दाबून मऊ लागेल तोच घ्या; जून झाला की रबरासारखा चिवट होतो. वरची पिवळट साल तुरट असते, ती सोलायची, पण सुरी न लावता नखाने. सुरी आत गेली की मधलं गोड पाणी ताटलीत सांडतं.