वाचक विचारतात : कंदील घासून न्यावा का?

प्रश्न : लातूरला रेल्वे इतिहासप्रेमींचा मेळावा आहे. आजोबा रेल्वेत होते. त्यांचा पितळी हातकंदील आणि पुठ्ठ्याची जुनी तिकिटं घरात आहेत. नेताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : कंदील चिंच-मीठ लावून घासू नका. जाणकार आधी बघतात ती कंदिलावर ठोकलेली अक्षरं, आणि घासून घासून नेमकी तीच पुसट होतात. कोरड्या सुती फडक्यानं धूळ टिपा. टाकीत रॉकेल उरलं असेल तर मात्र काढूनच न्या.

तिकिटांना लॅमिनेशन कराल तर पस्तावाल! एकदा चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. तिकीट साधारण ५७ बाय ३० मिलिमीटरचं असतं. नाणेसंग्रहाच्या अल्बमचा, पीव्हीसी प्लास्टिकचा नसलेला कप्पा पुरतो. तारखेचा ठसा बहुधा शाईचा नसून दाबाचा असतो. तिरप्या उजेडात धरलं की वाचता येतो.

आजोबांची नेमणूक कुठं होती, हे घरच्यांना विचारून ठेवा; म्हणजे ते कुठल्या रेल्वेत होते ते कळेल. लातूरला १९११ मध्ये पोचलेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची, म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढं अंतर असलेली. परभणी-नांदेडकडची निजामाची गाडी मीटर गेजची, म्हणजे एक मीटर अंतराची. ‘छोटी गाडी’ दोघींनाही म्हणत, म्हणून घोळ होतो.

कुंपणाला जुना रूळ लावलेला दिसला, तर त्याच्या बाजूच्या उभ्या पट्टीवरच्या उठावाच्या अक्षरांवर पातळ कागद धरून मेणखडू आडवा फिरवा. कारखाना, साल, बहुधा वजनही उमटतं. चालू रुळांवर मात्र उतरू नका, तो गुन्हा आहे.