गोठा दादाचा, मग मी काय शिकू?

प्रश्न : मॅडम, मी पारोळा तालुक्यातली, बारावी सायन्सला आहे. आमच्याकडे अकरा म्हशी आणि दोन गाई आहेत. पहाटेची धार मीच काढते. आप्पा म्हणतात नर्सिंग कर, पोरीच्या हाताला नोकरी पाहिजे. गोठ्याचं नाव काढलं की म्हणतात, "शेण काढाले शिकाडं का तुले?" दादा पुण्याला कंपनीत आहे, त्याला यात रस नाही. तरी गोठा त्याचाच, असं घरात सगळे धरून चालतात. एखादी म्हैस माजावर आली की आईच्या आधी मला कळतं. मला दुसरं काही करावंसं वाटत नाही. मी काय शिकू?

उत्तर : पोरी, म्हशीचा माज, म्हणजे ती गाभण राहायला तयार असल्याची वेळ, आईच्या आधी कळतो, हे तू जाता जाता लिहून गेलीस. मी तिथेच थांबले. गाय हंबरते, दुसरीवर चढते, सगळ्या गल्लीला कळतं. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो, त्यात आपल्या खानदेशातला उन्हाळा. पान्हा जरा चोरला, वैरण अर्धी ठेवली, पुन्हा पुन्हा लघवीला उभी राहिली, एवढ्यावरच ओळखावं लागतं. आणि तो चुकला की पुढची संधी साधारण 21 दिवसांनी. तेवढे दिवस ढेप, कुट्टी आणि दादर ज्वारीचा कडबा खाणं चालूच. ढेपेचा आजचा भाव तुला तोंडपाठ असणार, तेव्हा गुणाकार तूच कर. आधीच म्हैस दहा महिने दहा दिवस गाभण राहते. त्यात दोन-तीन माज हुकले की वर्षाचा हिशोब कोलमडतो. बहुतेक गोठे दुधाच्या भावाइतकेच या भाकड, बिनदुधाच्या दिवसांनीही बुडतात, असं माझं मत आहे. म्हणजे तुझ्या नजरेची किंमत रुपयांत काढता येते. ती काढ.

त्यासाठी एक वही कर. प्रत्येक म्हशीला एक पान : कधी व्याली, माज कधी दिसला, सकाळी की संध्याकाळी, कृत्रिम रेतन केव्हा भरलं, उलटली का, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली का. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा ठोकताळा तुला माहीत असेलच. पण तो पाळला जातो का, हे वहीशिवाय कळत नाही. दुसऱ्या बाजूला दर दहा दिवसांचं डेअरीचं बिल, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांसकट. पैसे आणायला आप्पा जातात ना? मग तुला अजून धंदा आवडतो की नुसती जनावरं, हे तुलाच ठाऊक नाही. दोन्हीत फरक आहे. कोणतं शिक्षण घ्यायचं ते त्यावर ठरेल.

जनावरंच आवडत असतील तर पशुवैद्यक. साडेपाच वर्षांची पदवी, त्यात इंटर्नशिप आली. प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर. मात्र नीट दिली म्हणजे झालं असं नाही. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा प्रवेश अर्ज वेगळा भरावा लागतो. गावाकडची चांगल्या मार्कांची मुलं इथेच राहून जातात, तारीख निघून गेल्यावर फोन करतात. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे कॉलेजं आहेत, म्हणजे घर सोडावं लागेल. पुढे एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं, खाजगी प्रॅक्टिसही आहे. 2022 च्या पावसाळ्यात लंपी हा जनावरांचा त्वचारोग आला तेव्हा त्या साथीतली राज्यातली पहिली आजारी जनावरं आपल्याच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात सापडली. गावात वेळेवर डॉक्टर येणं म्हणजे काय, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

पण एक ऐकून ठेव. डॉक्टरच्या वाट्याला निरोगी म्हैस क्वचितच येते. खांद्यापर्यंत हात घालून गाभण तपासणी, रात्री दोनला अडलेलं पारडू, मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन. वर एखादा शेतकरी तुझ्या तोंडावर विचारणार, "साहेब नाही का आले?" परीक्षेनंतर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून काही दिवस नुसती उभी राहा. त्यानंतरही मन तिथेच असलं तर बिनधास्त जा.

दुधाचं गणित आवडत असेल, म्हणजे फॅट का लागला नाही, संध्याकाळच्या दुधाला सकाळपेक्षा जास्त का लागतो, दही-पनीर कसं होतं, तर दुग्ध तंत्रज्ञानाची चार वर्षांची बी.टेक. आहे. उदगीरला आणि पुसदजवळ वरूडला कॉलेज आहे. त्याला गणित लागतं, आणि तू गणित ठेवलंय की सोडलंय ते पत्रात लिहिलेलं नाही.

घराजवळचा मार्ग म्हणजे बी.एस्सी. कृषी. धुळ्याचं कृषी महाविद्यालय पारोळ्याहून लांब नाही. सीईटी द्यावी लागते, जीवशास्त्र चालतं. पशुसंवर्धन आणि दुग्धशास्त्र त्यात शिकवतात, पण बाकी पिकं, माती, कीड हे सगळंही. गोठा चालवण्याची खरी इच्छा असेल तर मला हीच पदवी जास्त सोयीची वाटते, कारण चाऱ्याचं शेत आणि मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा) यांच्याशिवाय गोठा नाही. शनिवार-रविवार घरी येऊन वही भरता येईल, हेही आहेच.

नर्सिंगला मी नावं ठेवणार नाही. चांगलं काम आहे, नोकरीही मिळते. पण आप्पांनी ते तुझ्याकडे बघून निवडलेलं नाही, "पोरीची नोकरी" म्हणून निवडलंय.

आता दादाचं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. आपल्याकडे तो हक्कसोडपत्रावर सही करून जातो, बहुतेक वेळा लग्नाच्या आसपास, आणि सही करताना कुणी फार विचारत नाही. आत्ताच भांडण काढ असं मी म्हणत नाही. पण दादाला फोन करून सरळ विचार : तू परत येणार आहेस का? तो "नाही" म्हणाला तर आप्पांपुढचा प्रश्नच बदलतो. मग गोठा दादाचा की तुझा हे बाजूला पडतं, गोठा चालू ठेवायचा की म्हशी विकायच्या, एवढंच उरतं. अकरा म्हशी आई एकटी किती वर्षं ओढणार?

काहीही झालं तरी पदवी घे. गोठा कुणाच्या नावावर लागेल, लग्न कुठल्या गावात होईल, हे सगळं तुझ्या एकटीच्या हातात नाही. पदवी तुझ्याबरोबर येईल, मग सासरी दोन म्हशी असोत की पन्नास.

आप्पांशी बोलताना "मला आवडतं" हे शेवटी सांग. आधी दोन-तीन महिन्यांची वही समोर ठेव, कोणती म्हैस पोसते आणि कोणती खाते ते दाखव. आणि पुढचं बिल आणायला त्यांच्याबरोबर तू जा. गणित आहे की नाही ते मात्र लगेच कळव. सीईटीच्या फॉर्मात ग्रुप कोणता भरायचा, गणिताचा की जीवशास्त्राचा, ते त्यावरच ठरेल.