जात्यांचे दगड आणि मठाचे घड्याळ

प्रिय विद्यार्थिमित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

मध्ययुगीन युरोपातील समाजजीवनाचा अभ्यास कोठून सुरू करावा, असे तू विचारले आहेस. तू सोबत पाठवलेल्या वाचनाच्या यादीत धर्मयुद्धे, सरंजामशाही, प्लेग, विद्यापीठे, कॅथेड्रल असे सगळेच आहे. अशा यादीने हजार वर्षांची तोंडओळख होईल, पण त्या काळातील माणसे कशासाठी झगडत होती हे कळणार नाही. म्हणून माझा आग्रह असा, की पहिले वर्ष तू एका गावाला आणि त्या गावातील एकाच भांडणाला द्यावेस. भांडण पेटले की लोक जुन्या सनदा शोधतात, साक्षी काढतात, आणि एरवी लिहून ठेवण्याच्या लायकीची कोणाला न वाटणारी गोष्टही कागदावर येते.

माझ्या मनात जे भांडण आहे ते लंडनच्या उत्तरेस असलेल्या सेंट ऑल्बन्स या गावचे. तेथे बेनेडिक्टिन या ख्रिस्ती भिक्षुपंथाचा एक श्रीमंत मठ होता आणि गाव त्या मठाच्या मालकीचे होते. गावकऱ्यांनी धान्य मठाच्याच गिरणीत दळावे आणि दळणाचा ठरावीक हिस्सा मठाला द्यावा, असा मठाधिपतीचा हक्क होता. असा हक्क इंग्लंडमध्ये अनेक जमीनमालकांना होता. गिरणी बांधणे आणि पाण्याचा पाट राखणे खर्चाचे काम असल्याने मालक तो खर्च या हिश्शातून वसूल करीत आणि त्यावर नफाही मिळवीत. घरी जाते असले की हा हिस्सा द्यावा लागत नसे. म्हणूनच स्वयंपाकघरातील एक साधी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या वादाचे कारण झाली.

1327 साली राज्यात उलथापालथ चालू असताना गावकऱ्यांनी मठाला वेढा घातला आणि तेव्हाच्या मठाधिपतीकडून स्वातंत्र्याची सनद मिळवली. त्याच वर्षी रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा नवा मठाधिपती झाला. पुढच्या काही वर्षांत त्याने कायदा आणि दबाव या दोहोंच्या बळावर ती सनद परत घेतली, घराघरांतली जाती जप्त केली आणि त्यांचे दगड मठातील बैठकीच्या जागी फरशीसारखे बसवून टाकले. आपल्या पराभवाच्या खुणांवरून भिक्षू रोज चालत आहेत, हे गावाला ठाऊक होते.

या रिचर्डला खलनायक ठरवून पुढे जाऊ नकोस, कारण हा अभ्यास जिथे खऱ्या अर्थाने खोल जातो ती जागा हीच आहे. तो एका लोहाराचा मुलगा होता. लहानपणीच पोरका झाल्यावर मठाच्या आश्रयाने तो वाढला, ऑक्सफर्डला शिकला आणि आपल्या काळातील अत्यंत समर्थ गणिती व खगोलज्ञ ठरला. सेंट ऑल्बन्समध्ये त्याने असे यांत्रिक घड्याळ उभारायला घेतले, की जे वेळेबरोबर सूर्य-चंद्राची गती, ग्रहणे आणि लंडन पुलापाशी येणारी भरतीही दाखवील. राजा तिसरा एडवर्ड मठात आला असता, चर्चच्या डागडुजीकडे दुर्लक्ष करून घड्याळावर एवढा खर्च कशाला, असे त्याने हटकले. त्यावर रिचर्डने उत्तर दिले, की इमारत दुरुस्त करणारे मठाधिपती माझ्यानंतर पुष्कळ मिळतील, हे काम पुरे करणारा मिळणार नाही. 1336 साली तो वारला तेव्हा घड्याळ अपुरेच होते. ते पुढे दुसऱ्यांनी पूर्ण केले. मध्ययुग म्हणजे अंधारयुग असे ठरवून बसलेल्या वाचकाला हे घड्याळ दिसत नाही, आणि मध्ययुगाच्या वैभवाने भारावलेल्याला त्या घड्याळामागचे दळण दिसत नाही. तुला दोन्ही एकाच मठाच्या हिशेबात दिसायला हवीत, एवढी माझी कळकळीची अपेक्षा आहे.

यानंतर पन्नास वर्षांनी गोष्टीचा दुसरा भाग घडला. मधल्या काळात प्लेगने इंग्लंडची लोकसंख्या फार खाली आणली होती, मजुरांना जास्त मजुरी मागता येऊ लागली होती, आणि 1351 च्या कायद्याने ती जुन्या दरांवर अडवून धरली होती. त्यावर डोईपट्टी आली. जून 1381 मध्ये शेतकऱ्यांचा उठाव पेटला, तेव्हा सेंट ऑल्बन्सचे लोकही विल्यम ग्रिंडकॉब याच्या नेतृत्वाखाली उठले. त्यांनी मठाचा तुरुंग फोडला, आपल्याला जाचक असलेले दस्तऐवज भरबाजारात जाळले आणि मठात शिरून ते जात्यांचे दगड उखडून बाहेर काढले. मग त्यांचे तुकडे करून आपापसांत वाटले. रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे सामुदायिक उपासनेनंतर, चर्चमध्ये आशीर्वादित पाव वाटतात तसे ते वाटले, असे इतिवृत्तकार सांगतो.

हा इतिवृत्तकार म्हणजे थॉमस वॉलसिंगहॅम, त्याच मठातला भिक्षू, उठाव करणाऱ्यांचा मनस्वी द्वेष करणारा. आपल्याला ते तुकडे दिसतात ते त्याच्या डोळ्यांनी. पावाची उपमा त्याने पावित्र्यभंगाचा आरोप म्हणून दिली असेल, किंवा गावकऱ्यांनी खरोखरच तो विधी मनात ठेवून वाटप केले असेल. मला दुसरी शक्यता अधिक पटते, कारण एकाच पावाचा वाटा घेणारे ते एका पंक्तीचे, ही भावना त्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, लहानापासून थोरापर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती. तरीही ते माझे मत आहे; तू स्वतः पडताळून पाहा.

पडताळायचे तर लॅटिनला पर्याय नाही. मठाधिपतींचे हे इतिवृत्त 1867 ते 1869 या काळात तीन खंडांत छापले गेले आणि ते आज सहज वाचायला मिळते. व्याकरणाचे प्राथमिक धडे झाले की थेट 1327 आणि 1381 ची पाने घे. ओळखीचा प्रसंग असला की भाषा लवकर उलगडते. वाचताना आणखी एक प्रश्न जवळ ठेव. घरचे दळण बव्हंशी बायका करीत, आणि या सगळ्या कथेत त्यांच्याविषयी क्वचितच काही येते. त्यांच्या तोंडी ओव्या होत्या की नाही याचा अंदाज आपल्या जात्यावरून बांधू नकोस. त्या काळच्या जमीनमालकांच्या न्यायालयांच्या नोंदी पाहा. परवानगीविना वा ठरलेल्या दराविरुद्ध एल (घरी गाळलेली बिअर) विकल्याबद्दल दंड भरणाऱ्या कितीतरी स्त्रिया तेथे नावानिशी भेटतात.

जुलै 1381 मध्ये तेव्हाचा राजा दुसरा रिचर्ड स्वतः सेंट ऑल्बन्सला आला आणि ग्रिंडकॉबला फाशी झाली. त्याआधी गावाला शांत करण्याच्या अटीवर त्याला काही काळ सोडले असता त्याने गावकऱ्यांना धीर देणारे भाषण केले, तेही वॉलसिंगहॅमनेच लिहून ठेवले आहे. हा शत्रूने नोंदवलेला धीर आहे. ते पान वाचून झाले की त्यातले काय वॉलसिंगहॅमने पाहिले असावे, काय ऐकले असावे आणि काय त्याने स्वतः रचले असावे, यावर दोन पाने लिहून मला पाठव. पुढची यादी त्यानंतर आपण मिळून करू.

तुझा शुभचिंतक