प्रतिसरकार साताऱ्याचं की सांगलीचं?

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोरेगाव तालुक्यातली, शिक्षण सातवीपर्यंत. मुलगा साताऱ्यात युनिव्हर्सिटीच्या कॉलेजला बीए सेकंड इयरला आहे, विषय इतिहास. माझं माहेर पलूसकडचं. परवा व्हॉट्सॲपवर मेसेज आला की क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार सांगली जिल्ह्याचं, साताऱ्याचा त्यात काही संबंध नाही. मुलानं तो मोठ्यानं वाचला आणि सासरे भडकले, माझा भाऊ म्हणतो कुंडल कुठं आहे ते मॅपवर बघा की. आता घरात दोन पार्ट्या झाल्यात. मुलाला म्हटलं लायब्ररीत बघ, तर म्हणतो तिथं परीक्षेचीच पुस्तकं घेतात, बाकी सगळं गुगलवर आहे. खरंच लायब्ररीत असलं काही कळतं का? आणि माझ्यासारखीनं काय वाचावं?
– एक आई, कोरेगाव

उत्तर : ताई, तुमचे सासरेही बरोबर आणि भाऊही बरोबर, मेसेज मात्र चुकीचा. कारण प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजी राज्याला समांतर असं लोकांनी चालवलेलं सरकार, चाललं १९४३ ते १९४६ आणि तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता, सांगली हे संस्थान होतं. मुलाला सांगा, लायब्ररीत जाऊन १८८५ चं साताऱ्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, माग. इंग्रजीत आहे पण तालुक्यांची यादी कुणालाही वाचता येईल, त्यात कराड, पाटण, कोरेगावच्या जोडीला वाळवा, खानापूर, तासगाव पण साताऱ्यातच दिसतील. पुढं संस्थानं विलीन झाली, १९४९ ला उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे आजच्या मॅपवर ऐंशी वर्षांपूर्वीचं भांडण सोडवायला गेलं की असं होतं.

आता कुंडल, आजच्या सांगली जिल्ह्यातलं गाव. ते तर साताऱ्याच्या इंग्रजी हद्दीतही नव्हतं, औंध संस्थानात होतं, पंतप्रतिनिधींच्या राज्यात, जिथं १९३९ मध्येच गावांना स्वराज्याचा कायदा मिळाला होता. इंग्रजांच्या पोलिसाला आपल्या हद्दीत जसं कुठंही घुसता यायचं तसं तिथं सोपं नव्हतं, हे लक्षात घेतलं की कुंडल चळवळीचं केंद्र का झालं हे थोडं तरी उमगतं. आणि ७ जून १९४३ ला तुफान सेनेनं, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलानं, रेल्वेची पगाराची गाडी लुटली ती शेणोलीजवळ, शेणोली कराड तालुक्यातलं, म्हणजे आजच्या हिशोबानं सातारा जिल्हा. माणसं इकडची-तिकडची, गावं इकडची-तिकडची, जिल्ह्याची रेघ नंतर आली.

गुगल वाईट आहे असं मी म्हणणार नाही, ते गॅझेटियर स्कॅन होऊन नेटवर आहेच, पण असं काही असतं हे आधी माहीत असेल तरच माणूस शोधेल ना, आणि ते माहीत करून देणारा माणूस म्हणजे ग्रंथपाल. मुलाला म्हणावं, काउंटरवर फक्त टेक्स्टबुकचं नाव सांगून परत येऊ नकोस, सरळ विचार की मला प्रतिसरकारवर वेगवेगळ्या बाजूंनी लिहिलेलं वाचायचंय. मग एका टेबलावर कार्यकर्त्याच्या आठवणी ठेव आणि शेजारी त्या वेळच्या सरकारी रिपोर्टवर आधारलेलं पुस्तक ठेव. सरकारी कागदात हीच माणसं दरोडेखोर म्हणून येतात, आठवणीत ती घरची माणसं असतात. रिपोर्ट लगेच लिहिलेला, त्यामुळं तारखा पक्क्या असण्याचा संभव जास्त, पण लिहिणारा विरोधातला. आठवणी नंतर लिहिलेल्या, त्यामुळं तारीख चुकू शकते, पण कोणाच्या घरी लपलो, भाकरी कोणी पोचवली हे फक्त तिथंच मिळेल. दोन्ही वाचायचं आणि दोघांनाही विचारायचं, तू हे कधी लिहिलंस, स्वतः पाहिलंस की ऐकलंस, आणि कोणासाठी लिहिलंस. तो मेसेज याच प्रश्नांवर उभा करा, एकाचं तरी उत्तर त्यात आहे का बघा. माझ्या मते युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीचं खरं काम हे आहे, परीक्षेआधी पुस्तकं वाटणं हे त्यातलं सगळ्यात छोटं, आणि ज्या लायब्ररीत तेवढंच चालतं तिथं पोरांनीच असले प्रश्न घेऊन जाऊन ग्रंथपालांना कामाला लावलं पाहिजे.

आता तुमचं. सातवी म्हणजे कमी समजू नका. आपल्याच जिल्ह्यात १९५९ ला ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, शाळेचं तोंड न बघितलेली मोठी माणसं गावागावात अक्षरं शिकली आणि मग ती मोहीम राज्यभर गेली. तुम्हाला तर वाचता-लिहिता येतं. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बाहेरच्यांना बसून वाचू देतात का हे मुलाला विचारायला सांगा, नियम जागेप्रमाणे वेगळे असतात, नाहीतर गावातलं सरकारमान्य वाचनालय आहेच, तिथून चळवळीतल्या लोकांच्या आठवणी आणा, भाषा सोपी असते. आणि एक वही घ्या. सासऱ्यांना विचारून त्यांना जे माहीत आहे ते लिहून काढा, वरती आजची तारीख, त्यांचं वय, आणि प्रत्येक गोष्टीपुढं लिहा की हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं का वडलांकडून ऐकलं. तसंच भावाकडून, माहेरच्या म्हाताऱ्या माणसांकडून लिहा. दोन्हीकडचं जुळत नसेल तिथं खाडाखोड करू नका, दोन्ही तसंच राहू द्या. ती वही मुलाच्या प्रोजेक्टला कुठल्याही गाईडपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : माळ्यावर मोडी कागदांचं गाठोडं सापडलंय. घरचे म्हणतात रद्दीत द्या, नाहीतर लॅमिनेट करून ठेवू. काय करू?
– वाचक, वाई

उत्तर : दादा, दोन्ही करू नका, हात जोडते. तुमच्याच वाईत सापडलेल्या कागदांवरून इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, पानिपतच्या काळाची पत्रं त्यात आहेत. तुमच्या गाठोड्यात नुसता वाटणीचा कागद किंवा सारापावती असली तरी पिकं, भाव, माणसांची नावं त्यातूनच कळतात. लॅमिनेशन एकदा केलं की काढता येत नाही, सेलोटेपही नको, गंजलेल्या टाचण्या असतील तर हळूच काढा. कागद ज्या क्रमानं बांधलेत तो क्रम मोडायच्या आधी मोबाईलवर एकेक फोटो काढा, मग सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. युनिव्हर्सिटीच्या इतिहास विभागात किंवा लायब्ररीत मोडी वाचणारं कोण आहे ते विचारा आणि पहिल्यांदा फोटोच दाखवा, मूळ कागद द्यायचे ठरले तर यादी करून पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नका.