एकाच वचनावर शिकवावे काय?

प्रश्न : मिरजेत आमच्या घरी दर आठवड्याला बायबलचा अभ्यास होतो. दहावीच्या मुलांसाठी मी फिलिप्पैकरांस पत्र ४:१३, ‘सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सर्व काही करू शकतो’ या आशयाचे वचन घेणार आहे. तेवढेच पुरे होईल काय? — एक वाचक

उत्तर : पुरे होणार नाही, आणि या वचनाच्या बाबतीत तर मुळीच नाही. येशूचा प्रेषित पौल याने हे पत्र फिलिप्पै शहरातील ख्रिस्ती मंडळीला बंदिवासातून लिहिले असून, त्याआधीच्या अकराव्या व बाराव्या वचनांत भूक आणि तृप्ती, विपुलता आणि टंचाई या सर्व अवस्थांत समाधानी राहण्यास आपण शिकलो आहोत, असे तो सांगतो. त्यामुळे ‘सर्व काही’ म्हणजे परीक्षेतील हमखास यश नव्हे. कमी गुण पडले तरी खचून न जाणे हे मात्र त्यात नक्की येते. परीक्षेच्या तोंडावर पालकांना हे फारसे रुचणार नाही, हा भाग वेगळा.

चौदाव्या वचनापाशी अवश्य थांबा. सामर्थ्याविषयी बोलून होताच पौल, माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे चांगले केले, असे मंडळीला सांगतो, आणि मंडळीने पाठवलेल्या एपफ्रदीताच्या हाती आलेल्या देणगीची पोच अठराव्या वचनात देतो. म्हणजे सामर्थ्य मिळालेल्या माणसालाही इतरांची मदत लागतेच.

वचनांचे आकडे पौलाचे नाहीत. बायबलच्या नव्या करारातील (हे पत्र ज्यात येते त्या भागातील) वचनांची आजची क्रमांकपद्धत १५५१ साली रोबेर एस्तिएन या मुद्रकाने छापली. म्हणून दहा ते वीस ही वचने आधी सलग मोठ्याने वाचून घ्यावीत आणि मगच एकेका वचनाकडे वळावे.