तगर-कण्हेरीवरची निळ्या ठिपक्यांची अळी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कुंडीतल्या तगरीची शेंड्याची पाने दोन-तीन रात्रींत संपली. खाली काळपट लेंड्या पडतात, पण अळी दिसत नाही. फवारणी करू का?

फवारणी नको. तगरीखाली मिरीएवढ्या लेंड्या दिसल्या, की ओलिएंडर हॉक मॉथची, म्हणजे डॅफ्निस नेरी या पतंगाची अळी वर असण्याची शक्यता सर्वाधिक. लेंड्या पडल्या आहेत तिथे खाली बसून बरोबर वरच्या फांद्या पाहा. अळी हिरवीगार असते. अंगाच्या दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी आणि तिच्या आजूबाजूला बारीक पांढरे ठिपके असल्याने पानांत ती सहज मिसळून जाते. पूर्ण वाढलेली अळी साडेसात-आठ सेंटिमीटर भरते, तरीही चटकन नजरेस पडत नाही.

मादी कोवळ्या पानांवर फिकट हिरवी, जेमतेम दीड मिलिमीटरची अंडी एकेकटी घालते. नुकती बाहेर आलेली अळी पिवळी, तीन-चार मिलिमीटरची आणि मागे लांब काळे शिंग असलेली. या वयात ती इतके थोडे खाते की कुणाला पत्ता लागत नाही. शेवटची कात टाकल्यावर मात्र तिचे खाणे एकदम वाढते. म्हणजे झाड ओरबाडलेले दिसते तेव्हा अळीचे काम बहुतेक संपत आलेले असते, आणि तेव्हा विष मारून झाडाचा काहीच फायदा नाही.

मुळे शाबूत असलेली तगर पुन्हा फुटते. पाने गेल्यावर झाडाला पाणी कमी लागते. नेहमीइतकेच घालत राहिलात तर कुंडीतली माती ओली राहून मुळे कुजतात. झाड दगावते ते बऱ्याचदा यामुळे. वरची माती सुकल्यावरच पाणी द्या, खत नवी पालवी आल्यावर. रोप वीतभरच असेल तर अळी फांदीसकट कापून मोठ्या तगरीवर न्या. जास्वंदीवर किंवा गुलाबावर सोडलीत तर ती उपाशी मरेल. तिला तगर, कण्हेर, सदाफुली, सप्तपर्णी अशी एकाच कुळातली झाडे लागतात.

तिचे निळे डोळे आणि शेपटीचे शिंग पाहून मुले घाबरतात. चावते का?

नाही. शिंग मऊ असते, त्यात डंख नाही. अंगावर खाजरे केसही नाहीत. ते निळे-पांढरे, काळ्या कडेचे ठिपके डोळे नव्हेत. खरे डोके त्यांच्या पुढे असते, अगदी लहान. धक्का लागला की अळी डोके आत ओढते, तो भाग फुगतो आणि ठिपके मोठे दिसतात. मुलांना जपायचे ते कण्हेरीपासून. तिचे पान, फूल, चीक सगळेच विषारी, म्हणून हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

मग एवढी विषारी कण्हेर खाऊन ही अळी जगते कशी?

कण्हेरीतले विष पेशींमधल्या सोडियम-पोटॅशियम पंपाला, म्हणजे हे क्षार पेशीच्या आत-बाहेर हलवणाऱ्या प्रथिनाला, चिकटून तो बंद पाडते. माणसाचे हृदय त्यामुळेच बिघडते. मोनार्क फुलपाखराच्या अळीत या पंपाची घडणच बदललेली आहे, त्यामुळे विष त्याला नीट चिकटत नाही. आपल्या हॉक मॉथच्या अळीचेही तसेच असेल असे वाटेल, पण तपासणीत तिचा पंप या विषाला चांगलाच बळी पडतो असे आढळले. तिचा बचाव वेगळा आहे: चेतारज्जूभोवतीचे आवरण विषाला पंपापर्यंत सहजी पोचू देत नाही. आणि मोनार्कसारखे ती हे विष अंगात साठवूनही ठेवत नाही. त्यामुळे विषारी झाडावर वाढूनही पक्ष्यांपासून वाचायला तिला हिरवा रंग आणि खोट्या डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

वांग्यावर आणि तिळावर येते ती हीच का?

नव्हे. ती कवटीची खूण असलेल्या हॉक मॉथची, ॲकेरॉन्टिया स्टिक्सची. तिच्या अंगावर तिरपे पट्टे असतात आणि शिंग बाकदार, खरबरीत असते.

बरणीत ठेवलेली अळी तपकिरी झाली, खाणे सोडून सैरभैर फिरते. आजारी आहे का?

नाही, ती कोषाची जागा शोधते आहे. बाहेर असती तर खाली उतरून पालापाचोळ्यात विरळ धाग्यांचे आवरण केले असते. डब्यात पाच-सहा सेंटिमीटर भुसभुशीत, किंचित ओलसर माती, वर वाळकी पाने आणि तोंडाला मलमलीचे फडके, एवढे पुरे. घट्ट झाकणाच्या बरणीत पाण्याचे थेंब साचतात, लेंड्यांवर बुरशी धरते आणि अळ्या सडतात. खाणारी अळी असेल तर रोज लेंड्या काढून कोरडी, ताजी पाने द्या, आणि ज्या झाडावर सापडली त्याचीच द्या. मध्येच बदलली तर काही अळ्या तोंड लावत नाहीत.

फिकट तपकिरी कोषाच्या दोन्ही बाजूंना काळ्या ठिपक्यांची रांग असते. हळूच स्पर्श केल्यावर मागचा भाग वळवळला तर तो जिवंत आहे. उबदार हवेत साधारण दोन-तीन आठवड्यांत हिरव्या-गुलाबी नक्षीचा, पंख पसरल्यावर दहा सेंटिमीटरच्या आसपास भरणारा पतंग बाहेर येतो. डब्यात आधीच खरबरीत काटकी तिरकी उभी करून ठेवा. वर चढून लोंबकळायला जागा मिळाली नाही, तर पंख ताणले जाण्याआधीच चुरगळलेले वाळतात आणि पतंग कधीच उडू शकत नाही. पंख वाळले की संध्याकाळी फडके काढा.